दोन झडपा, एक अडसर

तुम्ही तिघांनी मिळून मला बंद केलंत आणि आता तिघेही हात झटकता. लाज कशी वाटत नाही?

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी फाटक आहे. काँगोच्या डोंगरात न्गाबू लोहाराने भंगार ट्रकच्या पत्र्यातून मला घडवलं. दोन झडपा, मध्ये एक अडसर. परदेशी शांतिसैनिकांच्या छावणीला मला बसवलं. एक झडप एका देशाच्या शिपायाकडे, दुसरी दुसऱ्या देशाच्या शिपायाकडे. अडसर मात्र त्या बड्या संघटनेच्या अधिकाऱ्याकडे, जिचा झेंडा वर फडकायचा. माझ्या सावलीत गावातली लोत्सोवे कसाव्याचा पाला, तिथली रोजची पालेभाजी, विकायची. लोक म्हणायचे, "हे फाटक आहे तोवर भ्यायचं नाही." मलाही गर्व वाटे.

एका सकाळी बंदूकवाले टेकडी उतरले. सारा गाव माझ्याकडे धावला. दोन शिपायांनी दोन झडपा लोटल्या, अधिकाऱ्याने अडसर घातला. लोत्सोवेचा नवरा किझा माझे गज धरून ओरडत होता, "अहो, उघडा! निदान पोरं तरी आत घ्या!" बंदूकवाल्यांची गोळी लागून तो तिथेच पडला. त्याचं रक्त माझ्या गजांवरून ओघळलं.

लोत्सोवेने दोन्ही देशांवर दावा लावला. काही वर्षांनी न्यायाधीश दोन्हीकडच्या वकिलांसह जागा बघायला आले. तिला भरपाई नको होती. 'बंद आम्ही केलं' एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

पहिल्या देशाचा वकील म्हणाला, "आमच्या शिपायाने एकच झडप लोटली. अर्ध्या फाटकाने कोण अडतं? शिवाय तो संघटनेला दिलेला. त्या दिवशी तो आमचा नव्हताच."

"मग कुणाचा होता?" लोत्सोवे म्हणाली. "त्याला पगार काय माझा बाप देत होता?"

दुसऱ्याचा वकील म्हणाला, "आमचीही एकच झडप, बाई. छावणी वाचवायची तर इलाज नव्हता."

"वाचली ना छावणी? वाजवा टाळ्या!"

राहिला अडसर. तो संघटनेचा, आणि संघटनेला कायद्याचंच कवच, तिला कोर्टात उभं करता येत नाही म्हणे. न्यायाधीश घाम पुसत म्हणाले, "हुकूम संघटनेचा. ती हजर नसताना तिची चूक ठरवता येत नाही, आणि तिची ठरल्याशिवाय यांची ठरत नाही."

लोत्सोवेने माझ्या दोन्ही झडपा स्वतः ओढून मिटवल्या. "बघा, दोन्ही मिळून बंद होतंय ना? मग मिळूनच सांगा की!"

सगळे गाड्यांत बसून निघून गेले.

मित्रांनो, फाटकाला तेल घाला, गंज काढा, असा शेवटचा उपदेश आता मी करायला हवा. नाही करणार. कितीही तेल घाला, मी आपणहून उघडत नाही आणि आपणहून बंदही होत नाही.

तिघा साहेबांनो, किझा माझ्या बाहेर मेला. मला बंद कुणी केलं? बोला!