उष्टं ताट

हौशीराम भिंतीचा आधार घेत मोरीपर्यंत गेला आणि उकिडवा बसून स्वतःचं ताट राखेनं घासायला लागला. चुलीपाशी बसलेली लीलाबाई बघतच राहिली. लग्न झाल्यापासून ज्या माणसानं पाण्याचा तांब्या कधी स्वतःच्या हातानं भरून घेतला नव्हता, तो आज ताट घासत होता, आणि तेही असं, की जणू त्या स्टीलला कल्हईच करून देणार होता.

"अवो, ठिवा ते. मला जेवायचंय अजून त्यात."

"दुसरं घे की. घरात ताटं कमी हाईत व्हय?"

ताटं कमी नव्हती. पण परंदवडीत नांदायला आल्यापासून लीलाबाई नवऱ्याच्या ताटातच जेवत आली होती. तो उठायचा, ती त्याच पाटावर बसायची. सासूनं लावलेली ही सवय सासू गेल्यावरही सुटली नाही. सून शहाणी होती, तिनं पहिल्याच दिवशी वेगळं ताट घेतलं. लीलाबाईला मात्र कोऱ्या ताटात जेवण गोडच लागायचं नाही.

आता तिला वाटलं, ह्यांना आपली किळस आलीय. आणि का आली, तेही तिला ठाऊक होतं.

हौशीरामच्या स्वादुपिंडात गाठ निघाली होती. केमो सुरू करायच्या आधी दात दाखवून या, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून आदिनाथनं कंपनीतून सुट्टी काढून आई-वडिलांना तळेगावला नेलं. तिथल्या तेजल डॉक्टर वयानं त्याच्याहून लहान होत्या. त्यांनी हौशीरामच्या हिरड्या दाबून पाहिल्या, रक्त आलं.

"आबांच्या पोटातल्या आजाराशी दातांचा काय संबंध?" आदिनाथनं विचारलं.

"हिरड्यांतले जंतू थुंकीबरोबर पोटात जातात. त्यातले काही अशा गाठींमध्येही सापडलेत. पण गाठ त्यांच्यामुळेच होते, असं अजून कुणी नक्की सांगू शकत नाही." मग त्यांची नजर लीलाबाईच्या काळ्या दातांवर गेली. "आजी, मिश्री लावता ना? तुम्हीही दाखवून घ्या. एका घरातल्या माणसांच्या तोंडातले जंतू बरेचसे सारखे असतात."

डॉक्टरबाईंनी मायेनं सांगितलं होतं. लीलाबाईनं मात्र पदर तोंडावर घेतला तो घेतलाच. घरी आल्याबरोबर मिश्रीची डबी उकिरड्यावर भिरकावली. मिश्रीवाचून डोकं ठणकायचं, तरी ती मिठाच्या पाण्यानं चुळा भरत राहिली. हौशीरामला वाढताना तोंड फिरवून वाढू लागली. आणि त्याच दिवसांत तो ताट घासायला लागला.

"आई, तुज्या मिश्रीनं तसं काय होत नसतंय," आदिनाथ म्हणाला. "नक्की न्हाई म्हनल्या ना डॉक्टर?"

नक्की नाही, हीच तर पंचाईत होती. नक्की असतं, तर तिनं छाती बडवून घेतली असती, देवापुढं नाक घासलं असतं. आता तेही करता येत नव्हतं.

केमो सुरू झाली आणि हौशीरामचं मोरीपर्यंत जाणंही सुटलं. एका दुपारी गुरगुट्या भाताचे दोनच घास त्याच्या पोटात गेले आणि हात ताटातच पडून राहिला. लीलाबाईनं त्याला धरून भिंतीला टेकवलं. मग तिला राहवलं नाही.

"माज्या मिश्रीनंच झालं ना ह्ये? तुमाला माजी किळस येती ना?"

हौशीरामनं भिंतीवरून डोकं उचललं.

"तुजी? तुजं उष्टं मी कवा खाल्लंय? तूच खातीस माजं." त्याला धाप लागली. "बाई काय म्हनली? जंतू सारखंच असत्यात. माजं ते तुज्यात जायला नको. तुला झालं तर तुज्याकडं कोन बगंल, येडे?"

लीलाबाईला आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच तिला लाज वाटली, आणि तिच्या मागोमाग राग आला. एवढे दिवस हा माणूस मोरीत बसून हात दुखेस्तोवर तिला वाचवत होता, आणि तिला त्याच्यासाठी भात शिजवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. तोही आता त्याला जात नव्हता.

तिनं ताट स्वतःकडे ओढलं.

"लीले, नगं."

भात निवून घट्ट झाला होता. तिनं घास घेतला.

"थुक. थुक त्ये."

त्यानं हात पुढे केला, पण तो ताटापर्यंत पोचला नाही. उठायचं बळ त्याच्यात नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं. लीलाबाईनं त्याच्याकडे बघत तो घास गिळला आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा घेतला.