सहा जणींना ठाऊक होतं

मिफ्ताहला फाशी दिलं त्या दिवसापासून इटालियनांच्या कैदछावणीतल्या बायका एकमेकींकडे पाठ करून बसेनाशा झाल्या.

मिफ्ताह साठी उलटलेला उंटवाला. सरपण आणायला बायका शिपायांच्या पहाऱ्यात तारेबाहेर जायच्या, तेव्हा मोळ्या वाहायला त्याचा उंट बरोबर असायचा. आठवड्याला मिळणाऱ्या सातूंतून सहा बायका मूठमूठ बाजूला काढत. मिफ्ताह ते सातू खोगिराच्या डाव्या गादीत शिवून नेई आणि कोरड्या ओढ्यातल्या कपारीत ठेवून येई. इटालियनांशी लढणारी डोंगरातली माणसं ते मागाहून उचलत. त्यांत तिब्राचा नवरा होता; निदान गेल्या हिवाळ्यापर्यंत तरी होता.

सात महिने हे बिनबोभाट चाललं. मग एका सकाळी फाटकावर शिपायानं उंट अडवला आणि इकडंतिकडं न बघता सरळ डाव्या गादीत संगीन खुपसली. उजवीला हातसुद्धा लावला नाही.

मिफ्ताहनं कुणाचं नाव घेतलं नाही. सगळ्या छावणीला उन्हात उभं करून त्याला लटकवलं. तिब्रा मान खाली घालून मनात मोजत होती. ती स्वतः, तिची सासू सल्ताना, नुवारा, फज्रा आणि पलीकडच्या रांगेतल्या दोघी बहिणी. सहा जणी. डावी गादी कुणाला ठाऊक होती? सहाही जणींना.

तिसऱ्या दिवशी कप्तानानं नुवाराला बोलावणं धाडलं. भर दुपारी ती तंबूत गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात निळ्या कागदात गुंडाळलेली साखरेची ढेप होती. साखर! छावणीत वर्षभर कुणी साखरेचं तोंड पाहिलं नव्हतं.

"काय विचारलं गं त्यांनी?" तिब्रानं विचारलं. दोघी एकाच विहिरीवर पाणी भरत वाढलेल्या.

"काही नाही. नुसतं बसवून ठेवलं."

"आणि साखर?"

"दिली. मी तरी काय करू?"

तंबूत परतल्यावर तिब्रानं सासूला सांगितलं, "आत्या, आजपासून नुवारासमोर तोंड उघडायचं नाही."

"मला आधीपासूनच ती पोरगी..." सल्ताना पुटपुटली आणि तिनं वाक्य तिथंच गिळलं. असली अर्धी वाक्यं त्या दिवसांत छावणीभर फिरत होती.

पुढं काही ठरवावं लागलं नाही. पाण्याच्या रांगेत नुवारा आली की बायका खांद्याला खांदा लावून उभ्या राहायच्या, आत शिरायला जागाच ठेवायच्या नाहीत. तिची पाळी येईपर्यंत हौदात तळाचं मचूळ पाणी उरायचं. फज्रा मोठ्यानं म्हणायची, "पाणी कशाला हवं गं तुला? सरबत पी की!" आणि तिब्रा, जिला हसू येत नव्हतं, तीही हसायची. आपण हसलो नाही तर आपल्याकडेच संशयानं बघतील, हा विचार आधी यायचा.

नुवाराची आई तापानं फणफणलेली होती. नवव्या दिवशी ती गेली. मयताला न्हाऊ घालायला चार हात लागतात. नुवारा तंबूच्या दारात उभी राहून एकेकीकडे बघत राहिली. तिब्राशीही नजरानजर झाली. लहानपणी त्या म्हातारीनं तिब्राला कितीदा आपल्या हातानं भरवलं होतं. तिब्रा अर्धी उठली. तेवढ्यात शेजारच्या तंबूतून फज्रा आपल्याकडे बघते आहे असं तिला वाटलं, आणि ती खाली बसली.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल, तोच कप्तानाचा दुभाष्या तिब्राच्या तंबूपाशी येऊन उभा राहिला.

"चल. कप्तानसाहेबांनी बोलावलंय."

"मला? कशाला?"

"मला काय सांगतात का ते?"

कप्तानाच्या तंबूत तिला खुर्चीवर बसवलं. जन्मात ती खुर्चीवर बसली नव्हती. पाय लोंबकळत राहिले. कप्तान कागदावर काहीतरी लिहीत होता. दुभाष्या सिगारेट ओढत होता. तिब्रानं वाटेतच सगळी उत्तरं घोकून ठेवली होती: मला काही ठाऊक नाही, नवरा मेला, मिफ्ताहला ओळखत नव्हते. ती वाट बघत राहिली. कुणी काही विचारलंच नाही. एक सिगारेट संपली, दुसरी संपली. तंबूचं कापड दोन्ही बाजूंनी वर गुंडाळून ठेवलेलं होतं. हौदावरच्या रांगेला तिचं डोकं, तिची पाठ, सगळं दिसत असणार, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

शेवटी कप्तानानं मान वर केली आणि दुभाष्यानं तिच्यापुढं निळी पुडी ठेवली.

"नको मला," तिब्रा म्हणाली.

"नको कसं? मग उद्या दोन शिपाई घेऊन मी स्वतः तंबूवर आणून देईन. आणि सगळ्यांसमोर आभार मानीन. चालेल?"

ती पुडी घेऊन बाहेर आली. कप्तानाच्या तंबूसमोरच्या फाशीच्या खांबापासून तिच्या तंबूपर्यंत दोनशे पावलं असतील. तेवढ्या वाटेत तीन बायकांनी तिला येताना पाहून चेहरे फिरवले. तंबूत सासू हातातली माळ थांबवून बसली होती.

"काय सांगितलंस त्यांना?"

"काहीच नाही, आत्या. नुसतं बसवून ठेवलं होतं."

बोलली आणि तिला नुवाराचं उत्तर आठवलं. हेच शब्द, अगदी हेच.

"माझा मुलगा डोंगरात आहे," सल्ताना थंडपणे म्हणाली. "एवढं लक्षात ठेवून बोलत जा."

त्या सासूनं सोळा वर्षं तिला लेकीसारखं वागवलं होतं. तिब्रा तशीच उठली आणि नुवाराच्या तंबूत गेली. नुवारा फाटकी घोंगडी शिवत होती. तिनं वर पाहिलं, पुडी पाहिली, आणि परत सुई चालवायला लागली.

"त्यांनी तुला काहीच विचारलं नव्हतं," तिब्रा म्हणाली.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुला."

"चुकलं माझं."

"माझ्या आईला मी एकटीनं न्हाऊ घातलं, तिब्रा. कूस पालटता पालटेना. मग तिच्या कमरेला ओढणी बांधून ओढली." तिनं दातानं दोरा तोडला. "आणि तुला काही विचारलं नाही कशावरून? मी कशाला विश्वास ठेवू?"

तिब्रा रडली नाही. रडायला तोंडच नव्हतं. ती म्हणाली, "नको ठेवूस. पण माझ्याबरोबर हौदावर चल."

"कशाला?"

"मी बोलणार आहे. एकटीचं कुणी ऐकणार नाही."

नुवारा का उठली ते तिलाच ठाऊक. दोघी हौदावर गेल्या. तिब्रानं पुडी सगळ्यांसमोर उघडून ढेप हौदाच्या कठड्यावर ठेवली आणि म्हणाली, "ही बघा. नुवाराला बोलावलं, आज मला बोलावलं. दोघींना एक अक्षर विचारलं नाही. उद्या तुमच्यातल्या कुणाला तरी बोलावतील. त्यांना आपल्याकडून काही कळून घ्यायचं नाहीये. आपण एकमेकींना खावं, एवढंच हवंय."

"चोराच्या हातात चोरीचा माल, आणि वर भाषण!" फज्रा म्हणाली. दोघीतिघी हसल्या. बाकीच्या हसल्या नाहीत.

चार दिवसांनी दुभाष्या फज्राच्या तंबूपाशी जाऊन उभा राहिला.

ती परत आली ती पांढरीफटक पडून. हातात निळी पुडी. कुणाकडे न बघता ती सरळ तिब्राच्या दारात आली आणि मटकन खाली बसली. "अगं, खरंच गं," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून बायकांनी एक केलं. कुणालाही बोलावणं आलं की आठदहा जणी तिच्याबरोबर जायच्या आणि ती बाहेर येईपर्यंत तंबूपुढं उन्हात उभ्या राहायच्या. शिपायांनी दोनदा चाबकानं हाकललं. बायका पांगल्या आणि पुन्हा येऊन उभ्या राहिल्या. सल्ताना काठी टेकत पहिल्या ओळीत असायची. सुनेशी मात्र ती गरजेपुरतंच बोलायची. महिन्याभरात बोलावणी बंद झाली.

पण डाव्या गादीचं कुणी सांगितलं, ते कधीच कळलं नाही. उन्हात खांद्याला खांदा लावून उभं असतानाही तिब्राची नजर एकेकीच्या चेहऱ्यावरून फिरायची. मिफ्ताहला ज्या तोंडानं फासावर चढवलं, ते तोंड इथंच, याच ओळीत असेल, असं तिला वाटायचं.

दोन वर्षांनी छावणी मोडली. तोवर सल्ताना गेली होती, दोघी बहिणींतली धाकटी गेली होती, आणि डोंगरातून नवऱ्याबद्दल एक शब्दही आला नव्हता. जी उरली ती माणसं पायी गावांकडे निघाली. तिब्रा आणि नुवारा एकाच गाढवावर सामान लादून चालत होत्या. तिसऱ्या दिवशी डोंगराची निळी रेघ दिसायला लागली, तेव्हा तिब्राला राहवलं नाही.

"नुवारा, खरं सांग. तू नव्हतीस ना?"

नुवारानं गाढवाची दोरी सैल सोडली. तिला राग आला नव्हता.

"नाही. आणि तू?"

"मीही नाही."

"बरं," नुवारा म्हणाली. "मी रोज रात्री मनात हेच विचारते तुला. उद्याही विचारीन बहुतेक."

मग तिनं दोरी पुन्हा हातात घेतली आणि दोघी चालू लागल्या.