रुसव्यात मागितलेली फटफटी

अक्षता पडल्या, पंगत बसली आणि नवरदेव रंगराव ताटावर रुसला. जावयाने रुसावं आणि सासऱ्याने काहीबाही देऊन समजूत काढावी, ही रीतच. सासू अन्नपूर्णाबाईंनी त्यासाठी अंगठी पदराला बांधून ठेवली होती. रंगरावाने अंगठीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला सासऱ्याची फटफटी हवी होती.

सासऱ्यांचं, हिंमतरावांचं, तोंड उतरलं. लढाई संपल्यावर फौजेच्या लिलावात घेतलेली ती अमेरिकन गाडी. ऐसपैस गादी, रुंद हँडल, टाकीला लागून गियरचा दांडा. तिचा संथ, जाड आवाज नांदुऱ्याच्या रस्त्यावरून आधी गावात यायचा, मालक मागून. रोज सकाळी हा माणूस तिला तान्ह्या लेकरासारखं पुसायचा. घरातल्या माणसांच्या वाट्याला तो हात कधी आला नाही. अन्नपूर्णाबाईंना ती गाडी सवतीसारखी सलायची.

अकोल्याहून नवी कोरी गाडी मागवून देतो, असं हिंमतराव म्हणाले. रंगरावाने ताट पुढे सरकवलं.

"नवी कोनाच्याबी दारात दिसते, मामाजी. मले हेच पाह्यजे."

त्यात नवल काहीच नव्हतं. नव्या गाड्या आल्या नि गेल्या, पण सगळ्या तालुक्याचा जीव होता तो या जुन्या धुडावरच. व्याह्यांकडची माणसंही मग ताटावरचा हात आखडून बसली.

हिंमतराव तरातरा आतल्या खोलीत आले. तिथे नवरी मंजुळा हळदीच्या अंगाने बसली होती. तिच्याकडे न बघता ते बायकोवर खेकसले, "गाडी मी देनार नाही. खामगावच्या बाजारात बैलाले कसा झोडपत होता तो, म्या सोता पाह्यलं. त्याच्या हाती कोनतीच चीज टिकनार नाही."

अन्नपूर्णाबाई थिजल्या. मंजुळेने दिवाळीत हेच तर सांगितलं होतं, माणूस मारकुटा आहे म्हणून. तेव्हा बापाने, तुला काय समजतं, असं म्हणून तिचं तोंड बंद केलं होतं.

मंजुळा उठली. तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

"मंग मले काऊन देल्लं, बाबा?"

बाहेर चार लोक वाट बघत होते आणि चार लोकांत नाक कापून घेण्याची हिंमतरावांची छाती नव्हती. ते गेले आणि गाडीची किल्ली जावयाच्या ताटाशेजारी ठेवून आले. रंगराव जेवला, चांगला पोटभर जेवला.

दिवस कलताना त्याने नवरीला मागे बसवलं, लाथ हाणून गाडी सुरू केली आणि दांडा असा ओढला की गियर करकरला. मंजुळेने वळून पाहिलं नाही. हिंमतराव ओसरीच्या खांबाला धरून हमसून हमसून रडू लागले. शेजारच्या अंबूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"बापाचं काळीज हो," त्या म्हणाल्या.

"गियर करकरला म्हून रडून राह्यले," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. मग त्या आत गेल्या आणि नवऱ्याला बाहेरच ठेवून त्यांनी दाराला कडी घातली.