कोर्ट उठेपर्यंत

घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर मोहिनीचं फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. पीकविमा, सातबारा, जातीचा दाखला, जे लागेल ते. परदेशाच्या व्हिसाचं काम वर्षाकाठी दोन-तीनदाच येई. त्या सोमवारी असंच काम घेऊन जो म्हातारा आला, त्याला तिने उंबऱ्यातच ओळखलं. सुंदरराव. केस पांढरे झाले होते, मिशीचा पीळ तेवढा शाबूत होता.

त्याने तिला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसा? बावीस वर्षांपूर्वी ती नऊ वर्षांची होती, आणि बापाचं धोतर धरून अंबाजोगाईच्या कोर्टात उभी होती. बाप म्हणजे बंकट, मेंढरं राखणारा. चार मेंढ्या हरभऱ्यात शिरल्या एवढ्यावरून या गृहस्थाने कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याचा उजवा हात मोडला होता. हात वाकडाच जुळला. लोकर कातरायची कात्री त्याला पुन्हा पेलली नाही, कळप विकावा लागला. आणि सुंदररावाला शिक्षा काय? कोर्ट उठेपर्यंत कैद! म्हणजे संध्याकाळपर्यंत कोर्टातल्या बाकड्यावर बसायचं. पठ्ठ्या बसला, चहा मागवून प्याला आणि पाच वाजता मिशीवर हात फिरवत घरी गेला. बंकटने पुढे कधी तो विषय काढला नाही. मोहिनीच्या डोक्यातून मात्र ते बाकडं हललं नाही.

“पोरगा प्रवीण क्यानडात हाय,” सुंदरराव सांगत होता. “नातू दोन वर्षांचा झाला, अजून मोबाईलातच बघतो. एकदा मांडीवर घेतला की बास बाई, मग काई मागणं न्हाई.”

मोहिनीने नाव, गाव, जन्मतारीख भरत आणलं आणि तो प्रश्न आला. कुठल्याही देशात कधी अटक, खटला, शिक्षा?

या प्रश्नाची मेख तिला चांगली ठाऊक होती. गेल्याच वर्षी तिने परळीच्या पाशा मिस्त्रीचा कॅनडाचाच फॉर्म भरला होता. त्याच्यावरही मारामारीची जुनी केस. त्याने खरं ते लिहायला लावलं, निकालाची नक्कल जोडली, आणि तिकडे लेकीकडे चार महिने राहून आला. जुनं किरकोळ प्रकरण ते लोक चालवून घेतात. खोटं चालवून घेत नाहीत. खोटं सापडलं की पाच वर्षं दार बंद.

तिने मनाशी ठरवलं, तीनदा विचारायचं. एकदा जरी याच्या तोंडून माझ्या बापाचं नाव निघालं, तर खरं लिहायचं आणि नक्कलही मिळवून द्यायची.

“काका, कधी पोलीस केस?”

“न्हाई.”

“कोर्टात शिक्षा?”

“न्हाई म्हणलं की.”

“नीट आठवा. जुनी, बारीकशी असली तरी सांगावी लागती. खोटं निघालं तर जाता येत न्हाई.”

सुंदरराव खदखदून हसला. “आगं, एका मेंढक्याला दोन दांडके दिलते मागं. नावबी ध्यानात न्हाई. बाकड्यावर बसून चहा पिऊन आलतो, त्याला शिक्षा म्हणत्यात व्हय? लिही न्हाई म्हणून!”

त्यालाच शिक्षा म्हणतात, एवढं एक वाक्य मोहिनीच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. ‘नाही’ भरलं, सगळा फॉर्म मराठीत वाचून दाखवला, त्याची मान डोलली आणि तिने बटण दाबलं. बावीस वर्षांत इतका गोड घास तिच्या घशाखाली उतरला नव्हता.

सुंदरराव पुण्याला जाऊन बोटांचे ठसे देऊन आला. मग तिकडून पोलिसांचा दाखला मागवला गेला आणि त्यात जुनी केस निघाली. दोन महिन्यांनी नकाराचं पत्र आलं. मोहिनीने ते सावकाश, एकही शब्द न गाळता वाचून दाखवलं.

“पाच वर्षं?” सुंदरराव पुटपुटला. “मी चौऱ्याहत्तरीचा हाय गं. तवर मी असंन का?” मग म्हणाला, “ते बाकड्यावर बसणं म्हंजी शिक्षाच होती?”

“होती.”

“तुला ठावं होतं? मग सांगितलं कावून न्हाईस?”

“त्या मेंढक्याचं नाव बंकट, काका. मी त्याची लेक.”

सुंदरराव भिंतीलगतच्या बाकड्यावर टेकला. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं मोहिनीच्या मनात येऊन गेलं. पण तिला वाईट वाटलं नाही. समोरच्या हॉटेलवाल्याने दोन चहा पाठवू का म्हणून हाक दिली. एकच पाठवा, तिने सांगितलं.

चहा आला. तिने तो त्याच्यासमोर सावकाश संपवला.

“बसा काका,” ती म्हणाली. “पाच वाजता दुकान बंद करते. तवर बसा.”