दर किलोमीटर खर्च

तक्त्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेत सांख्यिकी सहायक होतो. विहिरी किती, जनावरं किती, पेरा किती, याचे तक्ते करत निवृत्त झालो. उदगीरचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून आमच्या गावात एक समिती आहे. तिचे अध्यक्ष वीरण्णा, मोंढ्यात त्यांचं आडतीचं दुकान. ते एक दिवस घरी आले. माझ्या बायकोला, धुरपताला, जाऊन तेव्हा तेवीस दिवस झाले होते. वीरण्णा खुर्चीवर बसले, अर्धा पेला पाणी प्याले आणि अर्धा ठेवला. त्या वर्षी पाहुणे असंच करायचे.

"सोनकांबळे साहेब, नुसतं बसून काय करता," ते म्हणाले. "एक काम घ्या."

साल दोन हजार सोळा, मे महिना. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं. आमच्या गल्लीत आठ दिवसांनी टँकर यायचा.

काम असं होतं. सरकार म्हणतं, नव्या जिल्ह्याला पैसा नाही. शहरांत मेट्रो रेल्वेला मात्र आहे. तर कोणत्या शहरात किती किलोमीटर मेट्रो होते, तिला किती खर्च येतो, आणि तेवढ्यात आपला जिल्हा कसा बसतो, हे निवेदनाला जोडायचं.

"किती शहरं घेऊ?" मी विचारलं.

"मोठी मोठी समदी घ्या. पण शेवटी गाडी मुंबईवर आणा."

मी वाचनालयातून जुनी वर्तमानपत्रं आणली. समितीचे सचिव दत्तोपंत वकील, त्यांनी संगणकावरून काही कागद छापून दिले. मुंबईत कुलाब्याहून निघणारी लाईन साडेतेहतीस किलोमीटर, खर्च तेवीस हजार कोटींच्या वर. म्हणजे किलोमीटरला सहाशे नव्वद कोटींच्या आसपास. नागपूर अडतीस किलोमीटर, आठ हजार सहाशे ऐंशी कोटी, किलोमीटरला दोनशे अठ्ठावीस. हैदराबाद बहात्तर किलोमीटर, दोनशेच्या आत-बाहेर. पुण्याची अजून कागदावरच होती, तिथे तीनशे पासष्ट.

हे आकडे नुसते शेजारी ठेवले तर फसवतात. मुंबईची ती लाईन पूर्ण जमिनीखालून आहे. नागपूरची खांबांवरून. पुण्याची पाच किलोमीटर खालून, बाकी वरून. हैदराबादेत बराच पैसा खासगी आहे. शिवाय काम सुरू झालं की खर्च वाढतो, म्हणून मूळ अंदाज आणि आजचा खर्च असे दोन रकाने केले. प्रत्येक आकड्याला खाली टीप टाकली. सकाळी बसायचो, दुपारी भाकरी खायचो, परत बसायचो. दिवस जात होता.

नागपूरचे खांब मी पाहिले होते. आदल्या वर्षी आम्ही दोघं दीक्षाभूमीला गेलो, तेव्हा ते उभे राहत होते. धुरपता एका खांबाच्या सावलीत बसली, डबा सोडला, म्हणाली, "सावली बरी हाय." तेव्हा तिला काही झालेलं नव्हतं.

निवेदनाला दुसरा एक तक्ता होता. तो दत्तोपंतांनी केला होता. लातूरच्या दवाखान्यात नेताना वाटेत मरण पावलेल्या लोकांची नावं, एकूण चौदा. मला तो तपासायला दिला. नवव्या ओळीत लिहिलं होतं: धुरपताबाई ज्ञानोबा सोनकांबळे, वय ५८, नळेगावजवळ वाटेत मृत्यू.

मी वय तपासलं. नाव तपासलं. बेरीज तपासली, चौदा बरोबर होती. कागद परत घडी करून ठेवला आणि मेट्रोचं काम करत राहिलो. तीन दिवस असेच गेले.

धुरपता वाटेत गेली नाही. तिच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिस करावं लागायचं. एसटीने पासष्ट किलोमीटर जायचं, चार तास यंत्रावर, मग पासष्ट किलोमीटर परत. एका खेपेला शंभरावर लिटर पाणी लागतं. मार्चमध्ये पाणी नाही म्हणून दवाखान्याने पाळ्या कमी केल्या. रेल्वेने पाणी आल्यावर पुन्हा दोन दिल्या. एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी तिची पाळी होती आणि त्याच दिवशी टँकर येणार होता. सकाळी ती म्हणाली, "आज न्हाई जायचं. पाणी भरून घेऊ." मी बरं म्हणालो. गुरुवारी ती घरीच गेली.

नागुबाई ही धुरपताची धाकटी बहीण, शेजारच्या गल्लीत राहते. दुपारची भाकरी तीच आणते. सातवी शिकलेली आहे. चौथ्या दिवशी तिने टेबलावरचा कागद उचलला.

"आक्काचं नाव छापलंय, दाजी."

"हाव."

"पुरं छापलंय. तुमचं बी हाय मधी." ती बोट ठेवून पुढे वाचत गेली आणि थांबली. "नळेगावजवळ? घरी गेली की. माझ्या मांडीवर डोकं होतं."

"समितीनं लिहिलंय."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

तिने कागद खाली ठेवला नाही. "हे कुठं जाणार?"

"लातूरला कलेक्टरकडं. तिथून मुंबईला, मंत्रालयात."

"मग असू द्या. रेशन कार्डावर तिचं नाव शेवटपर्यंत चुकीचं होतं. चार खेपा अर्ज दिला. हितं बरोबर आलंय."

"बाकीचं खोटं आहे."

"आन् तुमच्या रेल्वेचं काय खरं हाय? तुम्ही गेलतात मोजायला?"

"त्याला खाली टीप दिली आहे. कशात काय धरलंय, काय नाही."

"मग आक्काला बी टाका टीप," ती म्हणाली आणि रिकामी ताटली घेऊन गेली.

मी टीप लिहायला बसलो. 'राहत्या घरी मृत्यू. उपचाराची पाळी चुकल्यानंतर दोन दिवसांनी.' पुढे पाळी का चुकली ते लिहावं लागणार होतं. अंतर लिहिलं असतं तर ते खोटं नव्हतं. पाणी लिहिलं असतं तर तेही खोटं नव्हतं. पण टँकरचं पाणी भरायला नागुबाई होती. आदल्या दिवशी ती येऊन सांगून गेली होती, मी भरते, तुम्ही जावा. धुरपता नको म्हणाली आणि मी बरं म्हणालो, ते पाण्यासाठी नाही. मला जायचा कंटाळा आला होता. बसचा, स्टँडचा, दवाखान्यातल्या बाकड्याचा. एक दिवस घरी राहायला मिळतंय याचं मला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही तक्ते घेऊन मी वीरण्णाच्या दुकानी गेलो. दत्तोपंत आधीच येऊन बसले होते. सोमवारी सगळे जीपने लातूरला जाणार होते.

वीरण्णाने मेट्रोचा तक्ता हातात घेतला. "लई टिपा टाकल्यात साहेब. कलेक्टर वाचील का झोपंल?"

"टिपा नसल्या तर आकडे चुकीचे होतात."

"बरं, हे नागपूर काढा. आपल्या नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांचा अंदाज सहाशे कोटी. मुंबई धरली तर एका किलोमीटरच्या आत जिल्हा होतो. नागपूर धरलं तर अडीच किलोमीटरच्या वर जातो. आपणच आपला जिल्हा महाग करून राहिलो."

"दोन्ही ठेवावे लागतील. मुंबईची जमिनीखालून आहे म्हणून महाग आहे."

"आपण तरी कुठं वर हाव," वीरण्णा म्हणाले. दत्तोपंत हसले.

मी म्हणालो, "आणि दुसऱ्या तक्त्यातलं नववं नाव काढा."

दत्तोपंतांनी चष्मा काढला. "काही चुकलं असेल तर दुरुस्त करू. नाव कशाला काढता?"

"ती वाटेत गेली नाही. घरी गेली."

"घरी गेली ती कशानं?" वीरण्णा म्हणाले. "जिल्हा हितं असता, दवाखाना हितं असता, तर वहिनी गेल्या असत्या का? तुम्हीच सांगा."

"माहीत नाही."

"मला माहीत हाय की."

दत्तोपंत म्हणाले, "ज्ञानोबा, अंतर हे कारण आहेच. कोर्टातसुद्धा ते टिकेल. 'नळेगावजवळ' काढू हवं तर."

"त्या दिवशी पाळी होती. आम्ही गेलो नाही. टँकर येणार होता, पण पाणी भरायला मेहुणी होती. मला बसचा कंटाळा आला होता म्हणून गेलो नाही. याला तुमच्या तक्त्यात रकाना नाही."

हमाल माणिकप्पा दारात येऊन विचारू लागला, तुरीची पोती कुठं लावू. वीरण्णाने त्याला हातानेच थांब म्हटलं.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे दुसऱ्या कुणाला बोलू नका साहेब. वकीलसाहेब, काढा नाव."

दत्तोपंतांनी पेनाने ओळ खोडली. खाली चौदाचे तेरा केले. नागपूरचा विषय कुणी परत काढला नाही.

दुपारी नागुबाई आली. मी सांगितलं, नाव काढलं.

ती ताटली हातात घेऊन उभी राहिली. "का?"

मी वीरण्णाला सांगितलं तेच तिला सांगितलं. कंटाळा आला होता, हेही सांगितलं. तिने ताटली टेबलावर ठेवली, भाकरीवरचा कपडा काढला, कालवणाची वाटी शेजारी सरकवली.

"आक्काला ठावं होतं ते," ती म्हणाली. "सोमवारी मी पाणी भरते म्हणलं, तवा मला बाहेर घेऊन गेली. म्हणली, तू गप. टँकरचं निमित्त असू दे. बसमधी उभं राहून राहून ह्यांचे पाय सुजलेत, म्हणली. एक दिवस बसू दे घरात."

"तू मला बोलली नाहीस."

"तुम्ही कुठं इचारलं? आन् इचारलं असतं तरी काय सांगितलं असतं."

ती पदराने टेबल पुसत राहिली. टेबल स्वच्छच होतं.

"खाऊन घ्या. निवतंय," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी खाटेवर बसलो आणि पाय वर घेतले. घोट्यावर बोट दाबून पाहिलं. सूज नव्हती. ती कधी उतरली ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.