शून्याच्या जागी साडेसहा टन

रेणूने धरणाच्या दाराच्या नकाशात बिजागरीवर टाचणी टोचली, तिला दोरा बांधला आणि दाराच्या कमानीवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. वर दोरा ढिला पडला. खाली पुरला नाही.

"मॅडम, बोल्ट की लिस्ट हो गई क्या?" पलीकडच्या टेबलावरून कमलेशने विचारलं. "गोल गेट में मोमेंट ज़ीरो रहता है. छुट्टी में सब भूल गई क्या?"

बाळंतपणानंतर कामावर येऊन तिला दीड महिना झाला होता आणि दीड महिना तिच्या वाट्याला बोल्टच्या याद्याच येत होत्या. पोरीची आई, डोकं घरीच असणार, हे कुणी बोलत नव्हतं. याद्या मात्र येत होत्या. चार वाजता हा नकाशा कारखान्यात जाणार होता. एकदा त्यावरून दार उचलणारं यंत्र बनलं की पुराच्या दिवशी ते कमी पडलं असतं. नकाशा घेऊन ती शालिकरामजींकडे गेली.

शालिकरामजी तीस वर्षं नकाशे तपासत होते. गोल दाराचा पहिला धडा तिला त्यांनीच दिला होता: पाणी कमानीला जिथे टेकतं तिथे काटकोनात दाबतं, म्हणून सगळा दाब कमानीच्या केंद्रातून जातो. बिजागरी केंद्रातच असली की पाणी दाराला उघडतही नाही, मिटवतही नाही. म्हणजे मोमेंट शून्य, उचलणाऱ्या यंत्राला पाण्याचं ओझं शून्य.

"काकाजी, हे पाहून घ्या न."

"सही झाली माही त्याच्यावर."

"पाह्यली. म्हनूनच तुमच्याकडे आली."

"कावून? शून्याले काय तपासतं?"

"शून्य नाही हाय. साडेसहा टन हाय."

त्यांनी चष्मा वर सरकवला. पुरात वाहून येणारी लाकडं लागू नयेत म्हणून धरणावरच्या लोकांनी बिजागरी वीस सेंटिमीटर वर मागितली होती. शालिकरामजींनी ती नकाशात वर नेली. कमान होती तिथेच राहिली, म्हणजे बिजागरी केंद्रातून सुटली; यंत्राच्या चौकटीतलं शून्य मात्र तसंच राहिलं.

"दार आठ मीटर उंच, दहा रुंद," रेणू म्हणाली. "आडवा जोर तीनशे वीस टन. तो हिंजच्या खालून जाते आता, दाराले खाली दाबते. दार उचलाच्या दोरखंडावर साडेसहा टन जास्त."

"अन् उभा जोर?"

"काढला. हिंज सरळ वर गेली, त्याच्यानं फरक नाही पडत."

शालिकरामजींनी दोरा स्वतःच्या हाताने फिरवला. खाली आल्यावर त्यांचा हात थांबला.

"दाराच्या प्लेटा कारखान्यात आधीच वाकवून झाल्या होत्या, काकाजी, म्हनून कमान..."

"माह्या वतीनं कारन नको सांगू, बाई."

ती टाचणी काढू लागली.

"कधी केलं हे?"

"सकाळी. पोरगी पीत होती."

"करू देल्लं तिनं?"

"दोनदा पेन ओढला. म्हनून गणितबी दोनदा केलं."

त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. मग त्यांनी कारखान्याला फोन लावला.

"शालिकराम बोल रहा हूँ. गेट का ड्रॉइंग आज नहीं आएगा. नहीं, डैमवालों की गलती नहीं. गलती मेरी है."

कमलेशने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

अर्ध्या तासात त्यांनी नवा कागद काढला, यंत्राच्या चौकटीत नवा आकडा भरला. कोपऱ्यात दोन रकाने असतात, काढणाऱ्याचा आणि तपासणाऱ्याचा. या ऑफिसात दुसऱ्या रकान्यात त्यांच्याशिवाय कुणाचं नाव लागत नव्हतं. त्यांनी स्वतःचं नाव पहिल्यात लिहिलं, कागद तिच्या टेबलावर आणून ठेवला आणि वर पेन ठेवला.

रेणूने तपासणाऱ्याच्या कोऱ्या रकान्याकडे पाहिलं. पेन उचलून बाजूला ठेवला, मोजपट्टी घेतली आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या पहिल्या मापावर बोट टेकवलं.

"बसा न, काकाजी," ती मान वर न करता म्हणाली. "वेळ लागन."

शालिकरामजींनी खुर्ची ओढली आणि तिच्या टेबलासमोर बसून राहिले.