जावईबापूंची प्रश्नचिन्हं

जबलपुरातल्या मराठी वाचनालयाच्या संगणकावर लिनक्स बसवायला अध्यक्ष भय्यासाहेबांनी सिहोऱ्याहून आपला जावई बोलावला, तेव्हाच ग्रंथपाल विनताला धडकी भरली होती. अध्यक्षांचा जावई म्हणजे तज्ज्ञ. त्याची परीक्षा घेत नाहीत, पाहुणचार करतात.

जावई अपूर्वनं काम झपाट्यानं उरकलं. यंत्रानं काही विचारलं की न वाचता एंटर. भाषा कोणती, एंटर. अक्षरं कोणत्या पद्धतीची, एंटर. मग विनतानं दोन वर्षं बसून टाइप केलेली तीन हजार पुस्तकांची यादी उघडली. नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

फाइल खराब झाली, असं जावईबापूंनी जाहीर केलं. पुसून टाकू आणि यादी इंग्रजी अक्षरांत नव्यानं टाइप करू. दुसरी प्रत नव्हतीच. टाइप कोण करणार, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

कार्यकारिणीनं मात्र यंत्राची भाषा मराठी, हिंदी की इंग्रजी, यावर पाऊण तास घसा कोरडा केला. सुहासिनीताईंनी अस्मिता काढली, श्रीरंगरावांनी सदर बाजारातले हिंदी वाचक काढले. तिन्हींतली कुठलीही चालेल, अक्षरांची पद्धत तेवढी यूटीएफ-८ हवी, नाहीतर या यंत्राला देवनागरी ओळखूच येत नाही, फाइल धडधाकट आहे, असं विनतानं दोनदा सांगितलं. पंगतीत भाजी खारट असल्याचं बोलून दाखवावं, तसे सगळे तिच्याकडे पाहू लागले.

अपूर्वनं फाइल पुसायला माउस धरला.

"भय्यासाहेब," विनता शांतपणे म्हणाली, "जावयाला सकाळपासून काहून कामाला लावून राहिले? ताट तरी वाढलं का?"

भय्यासाहेबांचा चेहरा उतरला. "अरे हो! चलो बापू, उठा. पहिले जेवण."

सासऱ्यानं ताटावर बोलावल्यावर नाही म्हणणारा जावई अजून जन्मायचा होता. शेजारच्या खोलीत तिसरी पुरी पडायच्या आत विनतानं भाषा भारतातली इंग्रजी आणि अक्षरं यूटीएफ-८ केली, पुन्हा लॉगिन केलं. तीन हजार नावं काना-मात्रेसकट हजर.

ढेकर देत जावईबापू परतले. पडदा पाहून म्हणाले, "देखा? थोडं थंड होऊ दिलं की होऊन जाते ठीक."

त्यांच्या आभाराचा ठराव एकमतानं मंजूर झाला. विनतानंही हात वर केला. दुसऱ्या हातानं ती यादी पेनड्राइव्हवर उतरवत होती, कारण जावईबापू दिवाळीला पुन्हा यायचे होते.